पेन्सिलनं लिहिलेलं गणित

स्टाफरूममध्ये कुणीतरी वेळापत्रकातले तास रबरानं खोडत होतं. घासून तापलेल्या रबराचा तो वास नाकात शिरला आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. मी संगणकशास्त्र शिकवते. आमचं खोडणं-लिहिणं सारं पडद्यावर, त्याला कसला वास? पण हा वास मला इतक्या वर्षांनीही गाठतोच.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणित किंवा संगणक, दोहोंतलं एकच घ्यायचं होतं. आमच्या कॉलेजात अर्ज आधी पेन्सिलनं भरायचा रिवाज. पोरं शेवटच्या घटकेपर्यंत मन बदलायची, म्हणून ऑफिसच्या खिडकीपाशी पोचल्यावरच शाईनं गिरवायचं. माझी मैत्रीण खापा गावाहून बसनं यायची. काय पोरगी होती! बसच्या धुळकट काचेवर बोटानं सिद्धता मांडायची, आणि ती अर्धी असताना स्टॉप आला की ड्रायव्हरवर चिडायची. तिनं गणितच लिहिलं होतं. आदल्या दिवशी अर्ज माझ्या हातात देऊन म्हणाली, “उद्या मले यायले जमत नाही वं. तूच गिरवून देजो.”

मी गिरवला. पण त्याआधी ‘गणित’ खोडून ‘संगणक’ लिहिलं. प्रयोगशाळेत एका संगणकावर दोघी बसायच्या, आणि मला तिच्याशिवाय दुसरी कुणी नको होती. एवढंच कारण, बापा! तिला सांगितलं, गणिताच्या जागा भरल्या. ती म्हणाली, “जाऊ दे, आपण संग तर राहू.” ऑफिसात जाऊन साधी चौकशीसुद्धा तिनं केली नाही.

पुढे तिचं चांगलंच झालं. नोकरी, बेसा भागात फ्लॅट, हुशार लेक. चारचौघांत ती कौतुकानं सांगते, हिच्यामुळेच मी संगणकात आले. आणि मी कपबशा गोळा करायला उठते.

गेल्या रविवारी सांगून टाकायचंच, असं ठरवून तिच्याकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत तिनं एक कागद माझ्यापुढे धरला. नोकरी सांभाळून, घरून अभ्यास करून एम.एस्सी. करायला तिनं प्रवेश घेतला होता. गणितात.

“तेव्हा जागा नव्हती ना वं,” ती हसत म्हणाली, “आता भेटली.”

मला रडूच फुटलं.

“काहून रडून राहिली? खुश हो ना!” म्हणत तिनं पदरानं माझे डोळे पुसले.

खुश झाले, अगदी मनापासून. पण सांगितलं नाही. उशिरा का होईना, काळानं तिला तिचा विषय दिला; एक वाक्य बोलायचं धैर्य मात्र मला अजून दिलेलं नाही.