मागचा उजवा स्पीकर

नाटक कंपनीत त्यांना सगळे बटणराव म्हणत. नट रंगात येऊन ओरडला तरी प्रेक्षकांच्या कानठळ्या बसू नयेत, आणि गायिकेचा घसा बसलेला असला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला तिचं गाणं गोड लागावं, ही सगळी किमया माइकच्या आवाजाची बटणं वरखाली सरकवणाऱ्या त्यांच्या दोन अंगठ्यांत होती. प्रेक्षागृहाच्या अगदी मागे, काळोखात, एका उंच स्टुलावर ते बसत. टाळ्या पडायच्या त्या रंगमंचाकडे. ज्या प्रयोगाला कुणी मान वळवून मागे पाहिलं नाही, तो प्रयोग झकास झाला असं ते समजत.

त्यांची बायकोही त्याच कंपनीत होती. ती उजव्या विंगेत मांडीवर संहिता घेऊन बसायची. नट अडखळला की पुढचा शब्द पुरवायचा आणि गाणं सुरू होण्याआधी गाणाऱ्याला हलकेच गुणगुणून सूर द्यायचा, हे तिचं काम. तिला सगळे वहिनी म्हणत, तिच्याहून वयानं मोठे होते तेसुद्धा. मुख्य नट तर उघड सांगायचा, "वहिनी बसल्यात ना आत? मग मी पाठांतर करून कशाला मरू?"

एकदा मात्र घोटाळा झाला. पडद्यामागून कोरस गाणार होता म्हणून विंगेतल्या माइकचं बटण वर होतं, आणि नेमका त्याच क्षणी वहिनींनी नायिकेला सूर दिला. तो नायिकेच्या आधी अख्ख्या प्रेक्षागृहानं ऐकला. लोक खदखदून हसले. प्रयोगानंतर कंपनीचे मालक बटणरावांना म्हणाले, "बायकोला गायला उभी करायची असेल तर तसं सांगा. तिकिटावर नाव छापू."

घरी आल्यावर वहिनी जेवल्या नाहीत. बटणरावांनी तेव्हापासून एक गोष्ट हाताला शिकवली. शब्द किंवा सूर देण्याआधी वहिनी नाकानं एक छोटा श्वास घेत. तो श्वास कानावरच्या हेडफोनमध्ये आला रे आला, की अंगठा बटण खाली ओढायचा. त्यांचं देऊन झालं की पुन्हा वर. पुढे इतकी वर्षं नाटकं झाली, पण वहिनींचा आवाज प्रेक्षकांत कधी गेला नाही. नवऱ्यानं एवढं सांभाळलं याचं त्या माउलीला फार कौतुक होतं. "आमच्या ह्यांचा अंगठा माझ्या तोंडावर असतो," असं ती मेकअपच्या खोलीत सांगायची आणि बायका लोटपोट व्हायच्या.

त्या वहिनी गेल्या, त्यालाही आता दुसरं वर्ष सरत आलं होतं. घरात त्यांचे फोटो पुष्कळ होते, पण आवाज कुठेच नव्हता. मुलीनं मोबाइल समोर धरला की त्या ओठ मिटून नुसता हात हलवायच्या. "मी विंगेतली गं. मला कशाला पुढे ओढतेस?" हेसुद्धा आधी मोबाइल बंद करायला लावून म्हणायच्या.

राहता राहिलं एक रेकॉर्डिंग. कंपनी बंद झाली तेव्हाच्या शेवटच्या प्रयोगाचं. बटणरावांनी हौसेनं सहा माइकचे सहा आवाज वेगवेगळे टिपले होते. त्यातला विंगेतला माइक वहिनींच्या स्टुलाला खेटून होता. कोरस लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून तो आवाज त्यांनी मागच्या उजव्या स्पीकरसाठी राखला होता. टेप वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून होती. मुलीनं ती एका स्टुडिओतून फाइल करून आणली आणि कपाटातल्या, घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर ठेवली. बैठकीच्या खोलीत प्रत्येक स्पीकरला त्याचा आवाज वाटून देणारा रिसीव्हर आला, त्याला सहा स्पीकर जोडले गेले. बटणरावांनी दोरीनं अंतरं मोजून खुर्चीची जागा ठरवली. त्यांना काय हवं होतं ते बापलेकींनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. दोघांनाही ठाऊक होतं.

मोबाइलवर बोट ठेवलं आणि नाटकाची नांदी खोलीत घुमली. मुलगी खूश झाली. बटणराव मात्र मान तिरकी करून बसून राहिले.

"बाबा, वाजतंय की छान. आता काय राहिलं?"

"मागचे दोघं गप्प आहेत."

"मागच्या रांगेतले म्हातारे ते, डुलकी लागली असेल."

"डुलकी नाही. त्यांना कुणी काम दिलेलं नाही. रिसीव्हरची ती काच बघ, दोनच चॅनेल दाखवतेय."

"मी औषधाच्या दुकानात बसते, बाबा. या खोक्याला कुठली गोळी देऊ सांगा."

असं म्हणाली खरी, पण चिकाटी बापाची होती. दुकानातून आली की पर्स सोफ्यावर टाकायची आणि रिसीव्हरपुढे फतकल मारायची. अखेर चोर सापडला. डिस्कमधला प्रोग्राम नेटवर्कवरून गाणं पाठवण्याआधी सहा आवाज कालवून त्यांचे दोनच करत होता. म्हणजे विंगेतला आवाज पुढच्या दोन स्पीकरमधूनच येत होता, पण तबला, पेटी आणि नायिकेच्या ताना यांच्या गर्दीत तो कुणाला ऐकू येणार? मुलीनं ते कालवणं बंद केलं, तर रिसीव्हर रुसला. नेटवर्कवरून थेट आलेली सहा आवाजांची फाइल त्याला वाचताच येईना. मग तिनं टीव्हीखालचा छोटा प्लेअर कामाला लावला. त्यानं फाइल नेटवर्कवरून उचलायची, उलगडायची, आणि सहाही आवाज एचडीएमआयच्या वायरीतून रिसीव्हरच्या हवाली करायचे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी काचेवर सहा चॅनेल उमटले. बटणरावांनी स्वच्छ शर्ट घातला होता. मुलीनं पाहिलं.

"बाकीचे पाच बंद कर," ते म्हणाले. "नुसता मागचा उजवा ठेव."

मुलगी जमिनीवर, त्यांच्या खुर्चीला टेकून बसली. आधी विंग ऐकू आली. कुणाच्या तरी चपला, दोरीची कुरकुर, संहितेचं पान उलटल्याचा आवाज.

"ही आई," मुलगी हळूच म्हणाली.

"हो. बोटाला थुंकी लावून उलटायची. किती वेळा सांगितलं होतं."

लांबून नायिकेचं बोलणं संपत आलं. आता पहिलं गाणं. बटणराव पुढे झुकले. स्पीकरमधून नाकानं घेतलेला एक छोटा श्वास आला, अगदी कानाशी. आणि मग काहीच नाही. चपला नाहीत, दोरी नाही, पानही नाही. कापडात गुंडाळल्यासारखं सगळं गप्प झालं. क्षणभरानं विंग पुन्हा जागी झाली, तोवर नायिकेनं गाणं उचललेलं होतं.

"बाबा, फाइल खराब झालीय का? स्टुडिओवाल्याला विचारू?"

बटणरावांनी दुसऱ्या गाण्याची वाट पाहिली. श्वास आला, आणि मागोमाग तेच. तिसऱ्यालाही तसंच.

"फाइल चांगली आहे," ते म्हणाले. "मी टेपची वायर बटणांनंतर जोडली होती. प्रेक्षकांनी ऐकलं तेवढंच टेपवर गेलं. माइकमधून परस्पर वायर घेतली असती तर..."

मुलीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

"तुम्ही तिला किती नेमकं झाकलंत हो, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना.

"एकदाही चुकलो नाही," ते म्हणाले. "शेवटचा प्रयोग होता. त्या दिवशी चुकलो असतो तरी कोण हसणार होतं?"

"बंद करू?"

"राहू दे. अजून गाणी आहेत."

चौथ्या गाण्याच्या आधी पान उलटलं. बटणरावांनी पाहिलं, खुर्चीच्या हातावर आपला उजवा अंगठा आपसूक ताठ झाला आहे. त्यांनी तो डाव्या मुठीत घट्ट आवळून धरला. स्पीकरमधून श्वास आला. मुठीत अंगठा हिसका देऊन खाली ओढला गेला, आणि खोली पुन्हा गप्प झाली.