अक्काचा पिवळा रणगाडा

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील भोसरीत फिटर होते आणि आम्ही दिघीत दोन खोल्यांत राहायचो. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम वडिलांनी माझ्यासाठी आणला होता, पण त्यात खरा हात बसला अक्काचा. रणगाड्यांचा एक खेळ होता. काळा पडदा, विटांच्या भिंती, तळाशी आडोशाला एक पक्षी. वरून शत्रूचे रणगाडे उतरायचे आणि आम्ही दोघांनी मिळून तो पक्षी वाचवायचा. पिवळा रणगाडा तिचा, हिरवा माझा. माझी गोळी चुकून तिला लागली की तिचा रणगाडा काही क्षण जागीच थिजायचा. मग पडद्यावरची नजर न हलवता ती मला कोपर मारायची.

बारावीनंतर तिचं लग्न झालं आणि ती चाकणजवळच्या कुरुळीतल्या एका जुन्या घरात गेली. बघता बघता सासरची बोली तिच्या तोंडात बसली. आजूबाजूला कंपन्या आल्या, लातूर-बीडकडची, कोकणातली माणसं खोल्या घेऊन राहू लागली, तेव्हा तिने खानावळ काढली. वीसेक वर्षं ती चुलीसमोरून, नंतर गॅससमोरून हलली नाही. भाजीत काय कमी आहे हे ती न चाखता, नुसतं पाहून सांगायची.

गेल्या वर्षी तिला भाजी दिसेना. साखरेनं डोळ्याच्या पडद्याला इजा झाली होती आणि तिने ते फार दिवस अंगावर काढलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली मात्र सांभाळता येईल. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची होती. चाकण रस्त्याच्या गर्दीतून तिला दर वेळी आणायचं, त्यापेक्षा मी तिला रहाटणीला आमच्याकडेच ठेवून घेतलं. खानावळ बंद झाली.

आमच्याकडे ती गॅलरीत बसून असायची. बायको म्हणायची, अक्का, लसूण सोलून द्या. ती सोलायची, पण सालं सोललेल्यातच राहून जायची. एकदा ते तिच्या लक्षात आलं. त्यानंतर तिने कुठल्याच कामाला हात लावला नाही.

माझी मुलगी अकरावीत आहे. तिला गेम्सचा भारी नाद. आत्याचं मन रमावं म्हणून तिने एका रविवारी आपला नवा गेम मोठ्या टीव्हीवर लावला. डोंगर, धुकं, वाऱ्याने हलणारं गवत, त्यात एक घोडेस्वार. मला तर ते सिनेमासारखं दिसत होतं. मुलगी म्हणाली, "आत्या, बघ ना, गवताचं पातं न् पातं दिसतंय."

अक्काने बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला नुसता चिखल दिसतोय गं. घोडा कुठं हाय?"

मुलगी ओशाळली. तिने टीव्ही बंद केला. काहीतरी बोलायचं म्हणून मी आमच्या लहानपणीच्या खेळांबद्दल सांगू लागलो. यावरून बापलेकीत आधीही वाद झाले होते. तिचं म्हणणं, तुम्हाला ते खेळ आवडतात कारण तुम्ही तेव्हा लहान होतात. आज कुणी नव्याने बघितले तर दोन मिनिटं टिकणार नाहीत. मी म्हटलं, लावून बघू. तिने ते लॅपटॉपवर शोधले आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला.

पहिला लावला मोटरसायकलच्या शर्यतीचा. माझा जीव की प्राण असलेला खेळ. काय सांगू, भयंकर निघाला. रस्ता म्हणजे दोन रेघा, झाडं म्हणजे हिरवे ठिपके, आणि वळणावर काय करायचं तेच कळेना. दोन मिनिटंही टिकला नाही. मुलगी हसली, मीही मुकाट्याने हार मानली.

मग रणगाडे लावले.

अक्का खुर्चीत पुढे सरकली. मधली नजर धूसर झाल्यापासून ती मान किंचित वळवून, डोळ्याच्या कडेने बघते. तशीच बघत होती. तिने हात पुढे केला, मुलीने तिच्या हातात कंट्रोलर दिला. पिवळा चौकोन डावीकडे सरकला, थांबला, एक वीट फुटली.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "ह्यो माझा."

मुलगी हिरवा रणगाडा घेऊन तिच्या शेजारी मांडी घालून बसली आणि पहिल्या तीन डावांत आत्यानेच तिला सांभाळून घेतलं.

नंतर मुलीनेच मला समजावलं. रणगाड्यांच्या खेळात मागे निव्वळ काळं आहे, पुढे फक्त कामाचं तेवढंच, तेही ठसठशीत. त्या काळी यंत्रात जास्त काही मावतच नव्हतं, म्हणून करणाऱ्याने पडद्यावर एकही फुकटची गोष्ट ठेवली नाही. चित्र जुनं झालं, पण काय करायचं आहे ते पहिल्या क्षणाला कळतं. शर्यतीच्या खेळाची सगळी मजा खरं वाटण्यात होती. ते खरं वाटणं गेलं आणि खाली काही उरलं नाही. मला तिचं म्हणणं पटलं.

दोन आठवडे दोघी रोज संध्याकाळी खेळल्या. एके दिवशी डाव अर्ध्यावर ठेवून अक्काने मला विचारलं, "घरातबी असं करता येईल का रे? काळ्यावर पिवळं?"

मी काम करतो त्या प्लांटमध्ये जमिनीवर रस्ते आखायला पिवळी चिकटपट्टी वापरतात. तसलीच एक मी भोसरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली. कुरुळीच्या घरी जाऊन मी आणि मुलीने गॅसच्या काळ्या बटणांवर पट्ट्या लावल्या, पायऱ्यांच्या कडांना लावल्या, मिठाच्या डब्याला आडवी आणि साखरेच्या डब्याला उभी. तांदूळ निवडायला अक्काने स्वतःच काळी परात मागवली. चिरायचं काम तिच्या जावेने अंगावर घेतलं. अक्का परत कुरुळीला राहायला गेली; खानावळ पुन्हा सुरू करायची, पण सुरुवातीला बारा माणसांचाच स्वयंपाक करायचा असं ठरलं. पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी नाही करपला.

परवा तिला तपासणीला नेलं होतं. दोन्ही डोळे आहेत तिथेच टिकून आहेत, पुढचं इंजेक्शन लांबवू, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, ती रडेल किंवा हात तरी जोडेल. तिने मला एवढंच विचारलं की आता निघालो तर चारपर्यंत कुरुळीला पोचू का, पीठ मळायचं राहिलंय.

पोचलो.