बंडोपंत राहणार की जाणार

मंजिरी काही कुत्र्याला घाबरणारी नव्हती, पण कुत्रा पाळणाऱ्यांतलीही नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर कोविडचे नमुने तपासायचे, घरी येऊन आधी अंघोळ, मग कुकर. अशा बाईच्या डोक्यात कुत्रा येणार कुठून? तो आला तिच्या नवऱ्याच्या, अवधूतच्या डोक्यात. दोन हजार एकवीसचा तो हिवाळा. लॉकडाऊन लागलेला, त्याचं इंजिनिअरिंगचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, हा सारखा लॅपटॉपला चिकटलेला.

"शर्यतीतून रिटायर झालेले ग्रेहाउंड आहेत गं, बिचारे. कुणी घेतलं नाही तर जातील कुठे?"

"आणि सांभाळायचं कुणी?"

"आपण दोघांनी!"

झालं. असे कुत्रे दत्तक देणाऱ्या संस्थेची रीत अशी, की काही आठवडे कुत्रा घरी ठेवून बघायचा. जमलं तर कायमचा घ्यायचा, नाही तर परत द्यायचा. संस्थेच्या लिनेट नावाच्या बाईंनी मास्क लावून दारातूनच बॅरीला आत सोडलं. उंच, करडा, नुसती हाडं आणि डोळे. "एकदा परत आलेला आहे हा," लिनेट म्हणाल्या, "पण त्याची काही चूक नव्हती."

पहिल्याच दिवशी तो काचेच्या दारावर धाडकन आपटला. काच म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. मंजिरी 'बस, बस' म्हणून घसा कोरडा करायची आणि हा आपला ढिम्म उभा. शेवटी लिनेटनी फोनवर सांगितलं, की या जातीला बसायला अवघडच जातं. "असं होय! उभ्याचं व्रत आहे महाराजांचं!" मंजिरी म्हणाली, आणि बॅरीचा बंडोपंत झाला.

बसत नसे, पण टेकत असे. ती शिफ्टवरून आली की तिच्या मांडीला अंग लावून सगळा भार तिच्यावर टाकायचा आणि डोळे मिटायचा. सुरुवातीला त्याला फिरवायला अवधूत न्यायचा. मग त्याचे कॉल वाढले आणि पट्टा गुपचूप मंजिरीच्या हातात आला. तिला काही वाटलं नाही. उलट बंदराच्या कडेनं बंडोपंतांशी मराठीत गप्पा मारत चालायची तिला गोडी लागली. ठेवायचाच याला, असं तिच्या मनानं घेतलं.

आणि एके दिवशी अवधूतनं सत्यनारायण काढला! जो माणूस गणपतीतही आरतीला चुळबुळ करायचा तो! "नवा जीव आलाय ना घरात," म्हणाला. ठाण्याहून गुरुजी झूमवर, पुण्याहून सासूबाई, दीर-जाऊ, आत्या, सगळी पलटण हजर. मंजिरीनं भरपूर तूप, केळं आणि मूठभर बेदाणे घालून प्रसादाचा शिरा ढवळला. "यजमानांचं योजिलेलं कार्य निर्विघ्न पार पडो," गुरुजी म्हणाले, आणि स्क्रीनवरच्या झाडून सगळ्यांनी हात जोडले. कुत्र्यासाठी एवढी भक्ती! मंजिरीला हसूच आलं. आरती झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्या मुक्या जिवालाही दे गं. प्रसाद आहे." तिनं वाटीभर दिला. बंडोपंतांनी वाटी लख्ख केली. तिनं कौतुकानं फोटो काढून लिनेटना पाठवला.

लगेच फोन. "त्यात बेदाणे आहेत का? अगं, कुत्र्याला विष असतं ते! गाडी काढ!"

कोविडमुळे जनावरांच्या डॉक्टरांकडे माणसांना आत सोडत नव्हते. नर्स बाहेर आली, बंडोपंतांना घेऊन गेली, आणि हे दोघं पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. "माझ्या हातानं घातलं रे," मंजिरी रडत होती. तेवढ्यात अवधूतचा फोन वाजला. गडबडीत तो बंद करायला गेला आणि उचलला गेला. गाडीच्या स्पीकरवर एक बाई आनंदानं बोलू लागली. "अवधूत, गुड न्यूज! तुझा वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरायचा परवाना आला. सोमवारी पर्थची फ्लाइट, मग क्वारंटाइन, मग थेट कालगुर्ली. वर्षभरासाठी घर बघून ठेवलंय. खाणीवर सगळे वाट बघतायत!"

मंजिरीचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"सांगणारच होतो. तुझ्या शिफ्ट, तुझं टेन्शन... योग्य वेळ बघत होतो."

"तिकडची बॉर्डर बंद आहे, अवधूत. एकदा गेलास की मनात येईल तेव्हा येता येणार नाही तुला."

"म्हणून तर—" तो अडखळला. "म्हणून तर बंडोपंत. तू एकटी पडू नयेस म्हणून."

तिला हळूहळू उमगत गेलं. "आणि ते 'कार्य'? पूजेतलं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आईंना माहीत होतं?"

"सगळ्यांनाच."

याला म्हणतात केसानं गळा कापणं! सगळ्या पलटणीनं हात जोडले होते ते तिचा नवरा सुखरूप निघून जावा म्हणून, आणि त्यासाठीचा शिरा तिनं स्वतः ढवळला होता. एका शब्दानं विचारलं असतं तर कदाचित तिनं त्याची बॅगही भरून दिली असती. पण विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

बंडोपंत वाचले. मंजिरीचा राग मात्र उतरला नाही. कुत्रा ठेवला तर अवधूतचा डाव साधला, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिनं लिनेटना फोन केला, "घेऊन जा त्याला."

शनिवारी लिनेट आल्या. त्यांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं. मंजिरीला वाटलं, हा अडेल, ओढाताण करेल, निदान वळून बघेल. छे! बंडोपंत खाली मान घालून निमूट चालत गेले आणि व्हॅनशी जाऊन उभे राहिले. दार उघडलं की जायचं, एवढंच त्यांना आजवर शिकवलेलं. कुठे, का, कुणाच्या सोयीसाठी, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मंजिरीला ते बघवेना. "थांबा," ती ओरडली. "राहू दे त्याला. माझ्या एकटीच्या नावावर करा."

ती त्याला घेऊन घरात आली, तर अवधूत पुण्याला फोनवर बोलत होता. आवाज कसा मोकळा झालेला! "हो आई, ठेवतेय ती. मी म्हटलंच होतं. आता मी निर्धास्त जातो."

मंजिरीनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"आई, कुत्रा माझा आहे, तो राहणार," ती म्हणाली. "तुमच्या मुलाला परत घ्यायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही."