कोट घालून मराठी बोलणारो

जामसंड्याक रक्त तपासणारो एक जण आसा. बायलेक सारखो ताप येय, म्हणान वरसभर तिका घेवन माझे तेच्याकडे फेरे चालू होते. माणूस आमच्याच बाजूचो, पण पांढरो कोट घातल्यान की पुस्तकातला मराठी बोलाक लागी. "जरासं टोचेल हां, वहिनी," म्हणी आणि सुई घालताना आपणच डोळे मिटी.

एक दिवस गोव्यातल्या तपासणीचो कागद वाचून म्हणालो, "तापाशी लढणाऱ्या पेशी हाडातल्या मगजात तयार होतात. तिथेच बिघाड आहे."

माका शाळेचो वास नाय. दुसऱ्या दिवशी बोकडाच्या नळ्यांचो डबो तेच्या टेबलार ठेवलंय. म्हटलंय, "ह्यातलो मगज हिका चढवा." बाकड्यावरची माणसां पोट धरून हसली.

तो हसलो नाय. कोट काढल्यान आणि माझ्या बाजूक येवन बसलो.

"भाताचा बियाणा बरा, पण रोपां करतंस त्या तरव्याची माती मेली, तर काय होयत रे?"

"रोपां उठाची नाय."

"हाडात पण तशी माती आसा. काय काय पेशी नुसत्यो पोसणाऱ्यो. त्यांनी पोसल्यानी तरच लढणाऱ्यो वाढतत. वहिनीची ती मातीच गेली रे."

वरसभरात पयल्यांदाच तो माझ्याशी मालवणीत बोललो. तेव्हाच माका कळला, बायल आता रवाची नाय.

गणपतीआधी ती गेली. आता बाजारात भेटलो की तो मालवणीतच इचारता, "जेवलंस मा रे?" मी मान हलवतंय. मनात म्हणतंय, एकदा कोट घाल आणि मराठीत बोल. मी परत डबो घेवन येतंय.