तक्त्यावरचा दोन नंबरचा स्विच

अंबडच्या कारखान्यातली ती घटना मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. ती आठवली की आमचे हवालदार आठवतात. ते आज हयात नाहीत.

दुरुस्तीसाठी थांबवलेली प्रेस मशीन अचानक चालू झाली आणि एका कामगाराची तीन बोटं गेली. फिटरने वीज बंद न करताच त्याला आत हात घालायला लावला, अशी मॅनेजरची फिर्याद होती. मी पंचनामा केला. कोणत्या मशीनची वीज कोणत्या स्विचवर, ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्यात पाहून 'मशीन क्रमांक तीन, स्विच क्रमांक दोन' असं लिहिलं आणि फिटरला ठाण्यात आणलं. त्याला सगळे चाचा म्हणत.

"अल्ला कसम साहेब, दोन नंबरचा स्विच पाडला होता, वीज बंद केली होती. त्या शेडमध्ये पहिल्यांदाच गेलो, म्हणून तक्ता वाचूनच पाडला."

ठाण्यात शपथ कोण घेत नाही? मी लक्ष दिलं नाही.

हवालदार दवाखान्यात जखमीचा जबाब घेऊन आले. "साहेब, चाचांनी स्विच पाडलेला त्यानं डोळ्यांनी पाह्यलाय. ज्याची बोटं गेली तो चाचांसाठी कशाला खोटं बोलंल?"

"अहो, तक्ता पाहिलाय मी!"

"तक्ताच पाह्यला ना! वायर कुठं पाह्यली?"

मला राग आला, पण पुन्हा कारखान्यात गेलो. हवालदारांनी माझा पंचनामा हातात धरला, वायरमनला पुढे घातलं आणि दोन नंबरपासून वायरच्या पाइपावर बोट ठेवत निघाले. पाइप तीन नंबरच्या मशीनकडे वळलाच नाही, थेट चारकडे गेला. तीनची वीज पाच नंबरच्या स्विचवर होती.

मॅनेजरने कबूल केलं. "मशीनच्या जागा बदलल्या होत्या साहेब. ऑडिट आलं, तेव्हा जुन्याच तक्त्यावर नवी तारीख टाकून लावला."

विद्युत निरीक्षकांनीही तेच लिहून दिलं. चाचा सुटले. हवालदारांचे हात धरून ढसाढसा रडले. कागद नवा दिसला म्हणून खरा नसतो, हे मी तिथे शिकलो.

माझ्या अहवालाचं वरिष्ठांनी कौतुक केलं. त्यातला प्रत्येक स्विच मी तीनतीनदा ताडून पाहिला होता. सुरुवात मात्र अशी होती: 'मी स्वतः वायरिंग तपासले असता...' हवालदारांनी ते वाचलं होतं आणि जावक रजिस्टरात नोंद करून अहवाल वर पाठवला होता.

त्यांना एकदा समोर बसवून सांगायचं होतं, हवालदार, ते वाक्य खोटं होतं. आता कुणाला सांगू?