शेव घातलेला रोजा

त्या रविवारी रोजा माझा होता आणि उपाशी राहिल्या कुसुमकाकू.

मी चिखलीत फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. घर मलकापूरला, तिथे अब्बांचं गाद्यांचं दुकान. घराबाहेरचा हा माझा पहिला रमजान. कुसुमकाकूंच्या माडीवर मी भाड्याने राहते. काका गव्हाच्या काढणीसाठी शेतावर मुक्कामाला गेले होते, त्यामुळे काकूंना बोलायला मी एकटीच. रमजान लागल्यापासून त्या माझ्यासमोर पाणीसुद्धा पीत नसत. (मी जिना उतरले की ग्लास फ्रिजच्या मागे!)

सकाळी नऊला मी पाण्याची मोटर लावायला सांगायला खाली गेले. काकूंनी जावेची तक्रार सुरू केली. तक्रार इतकी रंगली, की त्यांनी सवयीने माझ्या हातात पोह्यांची बशी दिली आणि मी सवयीने खायला लागले. एक घास, दोन घास... चौथ्या घासाला शेंगदाणा दाताखाली आला आणि मला आठवलं. रोजा!

नियम सोपा आहे. विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही. आठवल्याबरोबर थुंकायचं, चूळ भरायची. नियम मला तोंडपाठ होता. पण तोंडात पोहे होते! मी घास गिळला. वर, "काकू, शेव हाय का?" असंही विचारलं. शेव घालून आणखी दोन घास खाल्ले आणि मगच किंचाळले, "या अल्ला! माहा रोजा!"

काकूंनी कपाळावर हात मारला. "अवं माय! म्या पापिणीनं वाढलं व तुले!"

"भुलून खाल्लं त तुटत नाही, काकू," मी एखाद्या मौलानाच्या थाटात सांगितलं.

"तू भुलून खाल्लं, तू सुटली. म्या त शुद्धीवर वाढलं न! आता तू रोजा सोडशीन तवाच मी बी खाईन. तवरक पानी बी नाही."

"काकू, तुमची शुगर!"

"गोळी सकायीच घेतली."

"अन् नाश्ता?"

"तुले वाढून खानार होती."

उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली तर काय होतं, यावर मी परवाच दोन पानं उत्तर लिहिलं होतं. आधी घाम, मग थरथर, मग चक्कर. त्यापुढचं मला आठवेना. (परीक्षेतही आठवलं नव्हतं.)

मग माझं वर-खाली सुरू झालं. वर जाऊन नोट्स वाचायच्या, खाली येऊन काकूंना न्याहाळायचं.

"काकू, घाम येते का?"

"मार्च महिना हाय. कोनाले नाही येत?"

"हात थरथरतात का?"

"तू दर पाच मिन्टाले पुसशीन त थरथरतीनच न!"

मी लिंबाचं सरबत केलं आणि औषध म्हणून पुढे केलं. काकूंनी ग्लासात डोकावून पाहिलं. "औषधात बर्फ काऊन टाकला व?"

"बरं, उसळ खा साबुदान्याची. उपासाले चालते न?"

"तुह्या रोज्याले चालते?"

"नाही."

"मंग!"

साडेदहाला काकू सूप घेऊन गहू पाखडायला बसल्या. सूप आपोआपच हलायला लागलं. काकू मात्र पाखडत नव्हत्या! मी रडत रडत अम्मीला फोन लावला.

"भूल के खाया ना?" अम्मी म्हणाली. "फिर रोती कायको?"

मी काकूंचं सांगितलं. "स्पीकर पे डाल," अम्मी म्हणाली आणि थेट वऱ्हाडीत उतरली, "ताई, बिमार मानसाले त आमच्यात बी रोजा माफ हाय. खाऊन घ्या बरं."

"पन पोरीचा रोजा म्या मोडला न, बाई," काकूंचा आवाज बारीक झाला होता. कपाळावर घाम होता आणि हा घाम उन्हाचा नव्हता.

आता माझ्यापुढे दुसरा मार्गच उरला नाही. मी डोळे मिटले. "काकू, तुम्ही नाही मोडला. मले चौथ्या घासालेच आठोलं होतं. तरी मी खाल्लं."

काकूंनी सूप खाली ठेवलं.

"आठोलं होतं?" काकू म्हणाल्या. "अन् शेव मांगतली ते?"

"आठोल्यावर."

"मंग मी काऊन मरून राह्यली व उपाशी!"

मी साखरेचा डबा घेऊन धावले. काकूंनी दोन चमचे साखर खाल्ली, सरबत प्यायल्या आणि मग पोह्यांची कढईच पुढ्यात ओढली. पंधरा मिनिटांत हातांची थरथर थांबली, जावेची तक्रार पुन्हा सुरू झाली आणि माझ्या जिवात जीव आला. मी भिंतीला टेकून फोनवर हळूच विचारलं, "अम्मी, आता तुटलाच आहे, तर मीपण चार घास..."

"खबरदार!" अम्मी कडाडली. "मगरिब तक पानी भी नहीं! और ये रोजा ईद के बाद फिर से रखना."

म्हणजे रोजा गेला, उपास राहिला! संध्याकाळपर्यंत मी उपाशी आणि काकू दर दोन तासांनी माझ्यासमोर काहीतरी खाऊन "आता बरं वाटते व" म्हणून मला धीर देत होत्या.

ईदनंतर तो रोजा मी पुन्हा ठेवला. त्या दिवशी काकूंनी स्वयंपाकघराला आतून कडी लावून नाश्ता केला. त्यांचा रोज्यावर पूर्ण विश्वास आहे. फक्त माझ्यावर नाही!