शेवटचं रीळ

मारोतराव सिनेमा पाहताना कानात कापसाचे बोळे घालत. "पडद्यावरचे लोकच बोलू लागले, गुरुजी, मंग मी काय करू?" असं विचारत. मला आधी हा चक्रमपणा वाटला. सत्तरच्या दशकात आंधळगावच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा ते माझे शेजारी.

तरुणपणी ते तंबूतल्या मूकपटांचे सांगणारे होते. पडद्याशेजारी छडी घेऊन उभं राहायचं, अक्षरं वाचून दाखवायची, नायक-नायिकेचं बोलणं आपणच बोलायचं. त्यातल्या एका प्रेमकथेचं शेवटचं रीळ तंबूवाल्याकडे कधी आलंच नव्हतं. नायक नावेतून परगावी जातो, नायिका घाटावर वाट पाहत राहते, आणि पडदा कोरा. लोक उठायला तयार नसत. मग मारोतराव अंधारात ठोकून देत, "तो आला! तिले घेऊन गेला!" लोक खुशीत घरी जात.

त्यांची धाकटी बहीण सोनाबाई हा खेळ दर वेळी पाही. तिचा नवरा, मारोतरावांच्या बोलीत त्यांचे 'जवाई', लग्नानंतर वर्षभरात मँगनीजच्या खाणीवर गेला, तो परतला नाही. पाट लावायला चांगली स्थळं आली होती. तिचं उत्तर एकच, "शिनेमातला आला ना? मंग हाबी येईल." कपाळावर कुंकू लावत ती भावाकडेच म्हातारी झाली. मारोतराव मला म्हणत, "तिले खरं सांगाले तोंडच होत नाही, गुरुजी."

ऐंशीनंतर कुठल्याशा गोदामात त्या चित्रपटाचे डबे सापडले, सगळे. शहरातल्या हौशी मंडळींनी नवी प्रत काढली आणि जुना सांगणारा जिवंत आहे हे कळल्यावर खेळ आमच्याच शाळेच्या पटांगणात ठेवला. मारोतराव धुतलेलं धोतर नेसून छडी घेऊन उभे राहिले. सोनाबाई पहिल्या रांगेत बसल्या.

शेवटचं रीळ लागलं. नाव घाटाला आली. नायक उतरला, मागून त्याची बायको उतरली, कडेवर मूल. मारोतराव ओरडले, "आला! पाहा, तो आला! तिले..."

"दादा, थांब," सोनाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मले दिसून राहिलं."

पुढचा सिनेमा आम्ही मुकाच पाहिला. घरी जाऊन सोनाबाईंनी भात टाकला. "बाई, तुले माहा राग नाही आला?" मारोतरावांनी विचारलं. "कायचा राग? जेव," त्या म्हणाल्या. मी तिथेच होतो. मला वाईटसुद्धा वाटेना, नुसतं बधिर झालं होतं.

सकाळी त्या अंगणात सडा घालत होत्या. कपाळावर कुंकू नव्हतं. मारोतराव ओट्यावर बसले होते. मला पाहून हळूच म्हणाले, "गुरुजी, काल आमचे जवाई वारले."

शाळेची वेळ झाली होती.